गावी घर, मुंबईत खोली

मुंबईत सामान्य माणसाला घर का परवडत नाही, ही चर्चा बहुतेक वेळा ठरलेल्या वाटेने जाते. शहर चिंचोळे आहे, तिन्ही बाजूंना पाणी आहे, माणसांचे लोंढे थांबत नाहीत, बिल्डर आणि पुढारी यांचे साटेलोटे आहे, असे म्हणत म्हणत शेवटी शहरालाही काही मर्यादा असतात येथे ती येऊन थांबते. यातली एकही गोष्ट खोटी नाही. तरीही मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण मी ज्या वाडीत वाढले तिथून या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत चिऱ्याची, कौलारू, पडवी-माजघराची घरे आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतात. त्या घरांचे मालक दिवा, नालासोपारा, विरार येथे दोनशे-अडीचशे चौरस फुटांत राहतात. काहींची ती खोलीही स्वतःची नाही, दर अकरा महिन्यांनी करार संपला की ते सामान उचलतात. गावात मोकळे पडलेले माजघर आणि शहरात न मिळणारी खोली हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत असे आपण मानत आलो आहोत. माझ्या मते तो एकच व्यवहार आहे. मुंबईने कोकणातून कामाला माणूस घेतला, पण त्याच्या कुटुंबाला घर देण्याचा खर्च कधी अंगावर घेतला नाही. तो खर्च गावाने उचलला, आणि गावाला तो झेपेना तेव्हा शहराच्या पदपथांवर आणि झोपड्यांत तो उघडा पडला.

जनगणनेचे आकडे हा व्यवहार फार स्पष्टपणे दाखवतात. 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1,036. त्याच वर्षी मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 832 आणि उपनगर जिल्ह्यात 860 स्त्रिया होत्या. हे काही अलीकडे घडलेले नाही. 1921 च्या सुमारास मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. त्या काळात मुंबईबाहेर जन्मून मुंबईत राहणाऱ्यांमध्ये एक फार मोठा हिस्सा जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता, ज्यात आजचा सिंधुदुर्गही होता. कोकणातल्या बायकांना याचा अर्थ कोणी आकड्यांतून समजावून सांगण्याची गरज नाही. माझी आई लग्नानंतरची सगळी उमेदीची वर्षे नवऱ्याशिवाय राहिली. भात लावणे, गुरे, सासू-सासऱ्यांची आजारपणे, मुलांच्या शाळा हे सर्व तिने केले, आणि वडिलांची मनिऑर्डर यायची ती मीठ-मिरची, कापड आणि वाण्याच्या उधारीपुरती असायची.

वडील लालबागला ज्या खोलीत राहत, ती मी शाळेत असताना पाहिली आहे. ती आमच्या गावकीची खोली होती. गावकऱ्यांच्या मंडळाने कधीकाळी पागडी देऊन ती घेतली होती आणि गावातून मुंबईला जाणाऱ्या पुरुषाला तिथे हक्काने जागा मिळत असे. दहा बाय बाराची ती खोली. एका भिंतीला छतापर्यंत पत्र्याच्या ट्रंका रचलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नाव आणि वाडी लिहिलेली. दुसऱ्या भिंतीत खिळ्यांची ओळ होती आणि एका माणसाला एक खिळा, त्यावरच त्याचे कपडे. वळकट्या पोटमाळ्यावर. नावे वीस-पंचवीस माणसांची असली तरी खोलीत एका वेळी तेवढी कधीच नसत, कारण पहिली, दुसरी आणि रातपाळी असे गिरणीचे वेळापत्रक होते आणि एकाची पाठ उठली की दुसऱ्याची टेकत असे. पावसाळा सोडला तर बरेच जण गॅलरीत किंवा खाली पदपथावर झोपत. जेवण खानावळीत, तेही महिन्याच्या हिशेबाने. दारामागे मंडळाचे नियम लिहिलेला पुठ्ठा टांगलेला होता: वर्गणी कोणत्या तारखेच्या आत भरायची, दारू पिऊन यायचे नाही, पाहुण्याला किती दिवस ठेवता येईल. बायकामुलांना खोलीत मुक्कामाला आणता येणार नाही, हाही त्यातला एक नियम होता. आम्ही गेलो होतो ते आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, आणि रात्री झोपायला आम्हाला काळाचौकीला एका नातेवाइकांकडे जावे लागले. वडिलांनी तो नियम मोडण्याचा विचारसुद्धा केला नाही, कारण त्या शिस्तीवरच गावातल्या पुढच्या मुलाची सोय टिकून होती.

गावकीच्या खोल्यांबद्दल आपल्याकडे आत्मीयतेने बोलले जाते आणि ते योग्यच आहे, कारण परक्या शहरात माणसाला उघड्यावर पडू न देणारी ती व्यवस्था होती. पण ती व्यवस्था गरिबांनी आपसांत वर्गणी काढून उभी केली होती हे विसरता येत नाही. ज्या गिरण्यांना हे कामगार हवे होते, त्यांनी त्यांच्या निवाऱ्यासाठी फारसे काही केले नाही. गिरणी मजुरी ठरवताना एका पुरुषाचे खाणे आणि त्याची पाठ टेकण्याची जागा एवढेच मोजत होती. त्याची बायको, मुले, आईवडील यांचे पोट आणि छप्पर हे गावच्या खाचरातून, परसातून, काजू-आंब्याच्या चार झाडांतून आणि बायकांच्या बिनपगारी कष्टांतून भागत होते. मुंबईचे कापड स्वस्त पडत होते, त्यात या घरांचा हिस्सा होता.

आणि गाव तरी माणसाने सोडले कशासाठी? खोतीच्या काळात कुळाने पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या घरी जाई, कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसे, आणि घर ज्या जागेवर उभे तीही बहुधा खोताची असे. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पड ठेवून संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायद्याने खोती गेली ती 1949 च्या अधिनियमानंतर. तोपर्यंत दोन-तीन पिढ्यांचे पुरुष बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणगावात पोहोचले होते. घर नसण्याची सुरुवात पुष्कळदा शहरात होत नाही, जमिनीवर हक्क नसलेल्या गावात होते.

सरकारने घरे बांधलीच नाहीत असे नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, पण दाट वस्त्या पाडून रस्ते काढताना त्याने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. 1920 नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे 207 चाळी उभ्या केल्या, ज्यांना आपण आजही बीडीडी चाळी म्हणतो. ठरले होते 50,000 गाळे. झाले साडेसोळा हजारांच्या आसपास, आणि खोली 160 चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी कामगाराच्या कुटुंबासाठी सरकारने ठरवलेले हे माप शहराच्या इतके अंगवळणी पडले, की पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात 225 चौरस फुटांचे घर मिळू लागले तेव्हा ते मोठे वाटले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकू लागली तशी ती गोठवण्यात आली, आणि 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीच्या भाड्याला प्रमाण मानले. या कायद्याला नुसती नावे ठेवणे मला मान्य नाही. तो नसता तर परळ-लालबागमधून आमच्यासारख्यांना पन्नास वर्षे आधीच बाहेर काढले गेले असते. त्याने आत असलेल्याला संरक्षण दिले. मात्र बाहेर उभ्या असलेल्याला त्याने काहीच दिले नाही. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, नव्या भाड्याच्या चाळी बांधणे जवळपास थांबले, आणि खोली हवी तर पागडीची रक्कम एकदम उभी करण्याची ऐपत लागू लागली. इमारती पडू लागल्या तेव्हा 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ आले आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची यादी झाली. तेव्हा या यादीत एकोणीस हजारांहून अधिक इमारती होत्या. दर पावसाळ्यात त्यांपैकी एखादी कोसळल्याची बातमी आजही येते. सरकारला यावर मार्ग काढायचा असता तर भाडे थोडे वाढू देऊन त्याच वेळी स्वतः मोठ्या संख्येने भाड्याची घरे बांधता आली असती. तसे झाले नाही. 1963 च्या मालकी सदनिका कायद्यानंतर शहराने हळूहळू मालकीच्या घराचा मार्ग धरला, आणि ज्याच्याकडे एकरकमी पैसा किंवा कर्ज मिळण्याइतका पगार नाही त्याच्यासाठी कायदेशीर घर असा प्रकारच उरला नाही. त्याला झोपडी उरली. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या 1 कोटी 24 लाख लोकसंख्येपैकी सुमारे 52 लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. एवढी माणसे कायदा मोडण्याच्या हौसेने तिथे राहतात असे कोणी म्हणणार नाही.

जमिनीच्या बाबतीतही हेच घडले. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू उत्तम होता: मुंबईत 500 चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारने घ्यावी आणि गरिबांची घरे बांधावीत. प्रत्यक्षात सवलती, सूट आणि कोर्टकज्जे यांत बहुतेक जमीन अडकून पडली, हाती आली ती फार थोडी, आणि 2007 च्या अखेरीस महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. एकीकडे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, मुंबई बेटावर 1.33 आणि उपनगरात 1 असे बांधून ठेवलेले, दुसरीकडे जास्तीचे चटईक्षेत्र अधिमूल्य भरून विकत घेण्याची सोय. या विक्रीतून महापालिकेला उत्पन्न मिळते, मुद्रांक शुल्कातून राज्याला मिळते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने तर हा संबंध पक्का केला. 1995 पासून चालू असलेल्या या योजनेत झोपडीधारकाला मोफत घर मिळते, कारण त्याच जमिनीवर विकासक बाजारभावाने विकायची घरे बांधतो आणि त्यातून खर्च काढतो. याचा अर्थ असा, की बाजारभाव चढा असेल तिथेच गरिबाचे घर बांधले जाईल, आणि भाव पडले तर योजना थांबेल. घरांच्या किमती कमी व्हाव्यात असे म्हणणारे सरकार त्या किमती चढ्या राहण्यावर अवलंबून आहे. मला सर्व कारणांत हे सर्वात मोठे वाटते, कारण यात कोणाची लबाडी सिद्ध करण्याची गरजच नाही. सर्वांनी नियमाप्रमाणे काम केले तरी घर महागच होईल, अशी ही रचना आहे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. वडील दुसऱ्या वर्षी ट्रंक घेऊन गावी आले. पुढे जे झाले ते जमिनीचे राजकारण होते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचे तीन भाग करायचे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. हा नियम तसाच पाळला गेला असता तर गिरणगावाच्या मध्यावर सार्वजनिक घरांसाठी जवळपास 200 एकर जमीन मिळाली असती. 2001 मध्ये नियमात बदल झाला. बांधकामाखालची जमीन वगळून फक्त मोकळ्या जमिनीचेच वाटे करायचे ठरले, त्यामुळे सार्वजनिक हिस्सा अगदी आक्रसला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. त्या जमिनीवर आज मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखांहून अधिक आहेत. घरे मिळाली ती त्यांतल्या थोड्यांना, आणि बाकीच्यांना आता शेलू-वांगणीचा पर्याय सांगितला जातो, जिथून लालबागला पोहोचायला लोकलने दोन तास लागतात. आमच्या घरातला अर्ज आईच्या नावाने आहे. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहे.

पदपथावरच्या माणसाला मात्र अर्ज करायलाही पत्ता नसतो. जुलै 1981 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासी आणि झोपडीवासी यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवण्याची घोषणा केली. अंतुले स्वतः रायगड जिल्ह्यातील आंबेतचे, म्हणजे कोकणचेच. भर पावसात कारवाई झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने मान्य केले, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ही माणसे पदपथावर राहतात ती काम जवळ मिळते म्हणून. तरीही रीतसर नोटीस देऊन त्यांना हटवण्याची मुभा महापालिकेला राहिली. त्याच सुमारास स्पार्क संस्थेने भायखळ्याच्या परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा यातली बरीच कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच राहत असल्याचे आणि कामाला चालत जात असल्याचे दिसले. 2011 च्या जनगणनेने बृहन्मुंबईत 57 हजारांच्या आसपास बेघर मोजले. एका रात्रीत टॉर्च घेऊन केलेली ती मोजणी होती आणि ती कमीच भरली असणार, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात. त्याच जनगणनेत मुंबईत रिकामी घरे पावणेपाच लाखांच्या आसपास निघाली. भाड्याचे उत्पन्न किमतीच्या मानाने इतके किरकोळ असते, की अनेकांना ते घर नुसते बंद ठेवणे सोयीचे वाटते, कारण त्यांनी ते राहण्यासाठी घेतलेलेच नसते.

मूळ गावी परत जा, हे वाक्य मुंबईतल्या गरिबाला सतत ऐकावे लागते. कोकणाने याचा प्रयोग करून पाहिला आहे. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे हजारो चाकरमानी गावाकडे आले, शाळांमध्ये विलगीकरणात राहिले आणि नंतर आपापली घरे उघडून त्यांत राहू लागले. आमच्या वाडीतल्या चुली त्या पावसाळ्यात पुन्हा पेटल्या, बऱ्याच वर्षांनी पड राहिलेल्या खाचरांत भात लागले. वर्ष-दीड वर्षात बहुतेक सगळे परतले. छप्पर होते, रोजगार नव्हता. दहावीनंतरची शाळा लांब, दवाखाना त्याहून लांब. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत सुमारे 17 लाखांवरून सव्वासोळा लाखांच्या खाली आली, सिंधुदुर्गचीही घटली. घरे असूनही माणसे राहू शकत नाहीत असा हा प्रदेश आहे.

शिवाय ते गावचे घर कोणाचे, हा प्रश्न असतोच. आमच्या घराखालच्या जमिनीचा सातबारा मी काढला तेव्हा त्यावर सदतीस नावे होती. पणजोबांच्या चार मुलांपासून फुटत गेलेले वारस, त्यांतले अकरा मयत असून त्यांची वारसनोंद झालेली नाही, दोघींची लग्ने होऊन आडनावे बदललेली, एक चुलते 1960 च्या दशकात बोटीवर नोकरीला गेले ते परतलेच नाहीत. गटाला क्षेत्र अकरा गुंठे. घर दुरुस्तीला कर्ज काढायचे तर या सगळ्यांच्या सह्या हव्यात, घरकुल योजनेत बसायचे तर जागा नावावर हवी. म्हणून वासे कुजतात, एका पावसात कोना ढासळतो, दुसऱ्या पावसात पडवी जाते. मात्र अशाच सामाईक जमिनीतला एखादा हिस्सा विकत घेणारा एजंट बरोबर येतो. गरजवंत भाऊबंद गाठून तो अविभक्त हिस्सा घेतो, आणि पुढे वाटपाचा दावा लागला की बाकीचे कंटाळून विकतात. मुंबईच्या किमती अशा रीतीने किनाऱ्याने खाली सरकत आहेत. मांडव्याला रो-रो बोट आली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबाग-उरणच्या गावांत स्थानिक तरुणाला स्वतःच्या गावात दोन गुंठे घेणे अशक्य झाले.

याचा आधीचा धडा नवी मुंबईने दिला आहे. मुंबईवरचा भार कमी व्हावा म्हणून 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधील 95 गावांची भातशेते, मिठागरे, खाडीकिनारे घेण्यात आले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय त्या रक्तातून आला. पण कुटुंबे वाढली तरी गावठाणाच्या हद्दी वाढल्या नाहीत, आणि ज्या आगरी-कोळी माणसांच्या शेतांवर ते शहर उभे आहे त्यांच्या मुलांनी गरजेपोटी बांधलेली घरे आजही अनधिकृत म्हणून मोजली जातात. नियोजनबद्ध शहर म्हणून ज्याची वाखाणणी होते त्या शहरात ही परिस्थिती आहे.

सर्वांत तळाला कातकरी आहेत. एका आरोग्य शिबिराच्या निमित्ताने रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्यातल्या एका कातकरवाडीत मी गेले होते. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर गवत आणि त्यावर निळे प्लॅस्टिक, आत एक चूल आणि दोरीवर कपडे, एवढे घर. वाडी कोणाच्या तरी मालकीच्या माळावर तीन पिढ्यांपासून होती. तो माळ फार्महाऊससाठी विकला गेला होता आणि सिमेंटचे खांब शेवटच्या झोपडीच्या दारापासून चार पावलांवर येऊन ठेपले होते. तिथल्या एका बाईने मला सांगितले, की दिवाळीनंतर वाडी रिकामी होते तेव्हाच कुंपण पुढे सरकते. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, कारण उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आल्यावर परततात. सहा-सात महिने ती भट्टीशेजारी कच्च्या विटांच्या खोपटात राहतात. त्या विटा पनवेल-कल्याणच्या इमारतींना जातात. महाराष्ट्रात केंद्राने अतिमागास म्हणून नोंदवलेल्या तीन आदिवासी जमातींत कातकरी आहेत, त्यांच्यासाठी घरकुलांच्या योजनाही आहेत, आणि प्रत्येक वेळी प्रश्न जागेपाशी येऊन अडतो. जागा नावावर नसेल तर घरकुल नाही, आणि ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या माळावर गेले त्याच्या नावावर जागा असणार कुठून?

आता हेच चक्र आमच्या रत्नागिरीत सुरू झाले आहे आणि त्यात आम्ही पलीकडच्या बाजूला आहोत. मिरकरवाड्याच्या मासेमारी नौकांवर नेपाळी खलाशी आहेत, ते हंगामभर नौकेवरच झोपतात. आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार कुटुंबासह पत्र्याच्या खोपीत राहतात. बांधकामांवर उत्तर कर्नाटकातून आलेले मजूर अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर चूल मांडतात. यांची घरे कुठेतरी आहेत, त्यांत म्हातारी माणसे आणि मुले आहेत, आणि इथली मजुरी ठरवताना आम्ही त्या घरांचा खर्च धरत नाही, जसा गिरणीने आमच्या घराचा धरला नव्हता. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर कामाच्या जागेजवळ मोफत तात्पुरते घर, स्वतंत्र स्वयंपाकाची जागा, न्हाणी आणि शौचालय देण्याची जबाबदारी टाकली होती. रत्नागिरीत बांधकामे पाहत मी रोज कामाला जाते आणि ही अट पाळलेली मला क्वचितच दिसली आहे.

नगरपरिषदेने बंदर आणि औद्योगिक वसाहत यांच्याजवळ स्वतःच्या जमिनीवर भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, त्या विकू नयेत, आणि कुटुंब घेऊन येणाऱ्यालाही तिथे राहता यावे, अशी मागणी आम्ही काही जण लेखी करत आहोत. खर्चाचा प्रश्न विचारला जातो तेव्हा मी माझ्या सासरच्या घरापासून सुरुवात करते. पावसजवळ आमची आंब्याची बाग आहे आणि राखणदाराची खोप आम्हीच उभारलेली आहे. तिथे पक्की खोली, पाणी आणि शौचालय करायचे म्हटले तर पेटीमागे खर्च वाढतो, हे घरात हिशेब मांडून झाले आहे. पेटी तेवढी महाग विकावी लागेल. ती तशी विकावी आणि पावसाळ्यापूर्वी खोलीचे काम सुरू करावे, एवढे आमच्या घरात ठरले आहे.